सरचार्ज भरला, तरी केमिस्ट पैसे का मागतो?

परवा रात्री सांगलीहून इंग्लंडला शिकायला आलेल्या एका मुलाचा फोन आला. दाढ सुजली होती आणि पठ्ठ्या चार दिवस पॅरासिटामॉलवर काढत होता. "ताई, डिसेंबरात घरी जाणारच आहे, तेव्हाच दाखवतो." महिना ऑक्टोबर. आठवड्याला वीस तास गोदामात काम, त्यातून खोलीचं भाडं आणि डबा. डेंटिस्टला द्यायला पैसे नाहीत म्हणून दोन महिने कळ काढायची, असा त्याचा हिशोब. मी विचारलं, "एचसी-१ भरलास का?" तर म्हणाला, "ते काय असतं?"

म्हणून हे लिहायला बसले. मी २०१२ साली इंग्लंडमध्ये आले, तेव्हा मलाही ते काय असतं ते माहीत नव्हतं. जे लिहिते आहे ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये चिठ्ठीवरची औषधं सगळ्यांनाच फुकट मिळतात. तिकडे असाल तर निम्मं दुखणं तिथेच संपलं.

व्हिसाबरोबर आपण जो हेल्थ सरचार्ज भरतो (विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, बाकी बहुतेकांना १,०३५), त्यात जीपी (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर) आणि हॉस्पिटल येतं. औषधं, दात आणि डोळे येत नाहीत. मे २०२४ पासून चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. चिठ्ठीला नव्हे, औषधाला. तीन औषधं लिहिली तर जवळजवळ तीस पौंड. पहिल्यांदा केमिस्टच्या काउंटरवर हा आकडा ऐकला की प्रत्येकाचा चेहरा सारखाच होतो.

पण आधी जीपीकडे नाव घाला. आल्या आल्या, बरे असताना. इथे डॉक्टरच्या दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात. मी फोनवर "सर्जरीत जाऊन आले" म्हटल्यावर आईने तिकडे देव पाण्यात घातले होते. नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा पासपोर्ट असलाच पाहिजे असा नियम नाही. मागतील, असेल तर द्या. पण "भाडेकरार आणा, मगच" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की एनएचएसच्या (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) नियमात ती अट नाही. डॉक्टरला दाखवायचे पैसे कधीच पडत नाहीत.

आता एचसी-१. हा कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या एनएचएसच्या योजनेचा फॉर्म. अर्ज ऑनलाइन करता येतो, कागदी फॉर्मही मागवता येतो. शिल्लक १६,००० पौंडांच्या आत हवी, आणि महिन्याची आवक तुमच्या भाड्या-खर्चाच्या मानाने अपुरी आहे हे दिसायला हवं. नवरा-बायको असाल तर दोघांचं मिळून धरतात. वर्षाच्या फीचे पैसे खात्यात पडून असतील तर ते शिल्लकच दिसतात, तेव्हा फी भरून झाल्यावर अर्ज केलेला बरा. मंजूर झालं की एचसी-२ नावाचं सर्टिफिकेट येतं: औषधं, एनएचएसचा डेंटिस्ट आणि डोळ्यांची तपासणी फुकट, चष्म्यासाठी व्हाउचर, आणि डॉक्टरने हॉस्पिटलात पाठवलं असेल तर जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा. उत्पन्न थोडं जास्त भरलं तर एचसी-३ येतं, म्हणजे काही भाग तुम्ही द्यायचा. फॉर्म लांबलचक आहे. एक रविवार दुपार घाला, भाडेकरार, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी घेऊन.

इथे आपली माणसं दोन ठिकाणी अडतात. एक, व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) लिहिलेलं असतं, त्याची धास्ती. सरकारचा पैसा घेतला तर पुढचा व्हिसा गेला, असं कोणीतरी व्हॉट्सॲपवर लिहितं आणि दहा जण पुढे पाठवतात. पब्लिक फंड्स कशाकशाला म्हणायचं याची ठरलेली यादी आहे: घरभाड्याचे भत्ते, युनिव्हर्सल क्रेडिट वगैरे. एनएचएसची ही मदत त्या यादीत नाही. दुसरी अडचण जास्त अवघड, कारण ती आपल्या घरात वाढलेली असते. "आपण काय भिकारी आहोत?" असं मला एका शिकलेल्या गृहस्थांनी विचारलं होतं, आणि त्याच महिन्यात त्यांनी बायकोच्या अँटिबायोटिकचा कोर्स पैशापायी अर्ध्यावर सोडायला लावला होता. मला तरी यातली दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी वाटते.

सर्टिफिकेट यायला काही आठवडे जातात. मधल्या काळात औषध घ्यावं लागलं तर काउंटरवर पैसे देतानाच 'एफपी ५७' पावती मागा. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. साधी दुकानाची पावती चालत नाही आणि एफपी ५७ मागाहून मिळत नाही. ती असेल तर तीन महिन्यांच्या आत पैसे परत मागता येतात.

आणि एक, सर्टिफिकेट हातात नसताना "मला माफ आहे" म्हणून सही ठोकू नका. काउंटरवरची मुलगी घाईत विचारते, "पैसे भरता का?" आणि आपण काहीतरी मान हलवतो. मागून तपासणी होते आणि औषधाच्या किमतीवर शंभर पौंडांपर्यंत दंड येतो. रिकाम्या खिशाला तो परवडत नाही.

माझी स्वतःची फजिती थायरॉईडची. मी तीन वर्षं दर वेळी पैसे मोजून गोळ्या घेतल्या. सुरुवातीला औषधाला ७.६५ पौंड होते, त्यात लोहाच्या गोळ्या वेगळ्या. आमच्या तेव्हाच्या सर्जरीत कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. मग एका केमिस्टनेच विचारलं, "तुम्ही पैसे का भरता?" थायरॉईड कमी असून रोज गोळी घ्यावी लागत असेल, किंवा मधुमेहासाठी औषध चालू असेल, तर सगळीच औषधं माफ होतात, त्या आजाराचीच नव्हे, सर्दी-खोकल्याचीसुद्धा. उत्पन्न कितीही असो. जीपीकडून 'एफपी ९२ए' फॉर्म भरून घ्यायचा, की पाच वर्षांचं सर्टिफिकेट येतं. आपल्याकडे घरटी एक तरी थायरॉईड नाहीतर साखर असते, तेव्हा हे आधी तपासा. मधुमेह नुसत्या पथ्यावर असेल तर मात्र मिळत नाही. दम्याला आणि बीपीलाही नाही, का ते मला आजवर कळलेलं नाही. त्यांनी वर्षाचं प्रीपेमेंट घ्यावं: ११४.५० पौंड, मग औषधं कितीही. वर्षाला बारा औषधं झाली की पैसे वसूल. गरोदर बाईला औषधं आणि डेंटिस्ट दोन्ही फुकट, बाळ वर्षाचं होईपर्यंत. मिडवाइफला पहिल्याच भेटीत सर्टिफिकेटचं विचारा.

दातांबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. नवे पेशंट घेणारा एनएचएस डेंटिस्ट मिळणं म्हणजे मे महिन्यात कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळण्यासारखं आहे. मिळाला तर दर ठरलेले असतात. एप्रिल २०२५ मध्ये तपासणीला २७.४० पौंड झाले. दाढ भरणं, काढणं, रूट कॅनॉल ७५.३०, कॅप किंवा कवळी ३२६.७०, हे दर तेव्हाचे. एकाच उपचारात तीन दाढा भरल्या तरी पैसे एकदाच. एचसी-२ असेल तर शून्य. डेंटिस्ट मिळतच नसेल आणि सूज असेल तर १११ ला (एनएचएसची हेल्पलाइन) फोन करा, तातडीची वेळ देतात. शहरात डेंटल कॉलेजचं हॉस्पिटल असेल तर तिथे विद्यार्थी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, फुकट काम करतात. वेळ फार लागतो, घाई नसेल तरच. सांगलीच्या मुलाला मी १११ लाच फोन करायला लावला. दुसऱ्या दिवशी दाढ गेली. एफपी ५७ औषधापुरती असते. डेंटिस्टचे भरलेले पैसे परत मागायला 'एचसी-५' फॉर्म लागतो, त्यालाही मुदत तीन महिन्यांचीच. पावती जपून ठेव, असं दोनदा बजावलं.

भेटीला येणाऱ्या आई-बाबांना हा सरचार्ज लागू नाही. ए अँड ई मध्ये (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) बघतील ते फुकट, पण वॉर्डात भरती केलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं, आणि ५०० पौंडांच्या वर थकलं तर त्यांच्या पुढच्या व्हिसाला आडवं येऊ शकतं. विमा भारतातून निघण्याआधीच घ्या, आणि जुना बीपी, जुनी साखर त्यात लपवू नका.

शेवटचं बायकांसाठी, विशेषतः ज्या नवऱ्याच्या व्हिसावर आल्या आहेत त्यांच्यासाठी. डॉक्टरसमोर पाळीबद्दल, पोटातल्या गाठीबद्दल नवऱ्याने दुभाषा म्हणून बोलायचं आणि आपण जमिनीकडे बघायचं, हे करू नका. एनएचएसचा दुभाषी फुकट असतो, बहुतेकदा फोनवर. वेळ घेतानाच सांगा, "मराठी इंटरप्रिटर." ते विचारतील, हिंदी चालेल का? चालत नसेल तर नाही म्हणा.