वायफाय जोडलेलं दिसतं, पण नेट चालत नाही: सपोर्टच्या कामात नवीन असणाऱ्यांसाठी

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून नाशकात सपोर्टचं काम धरलंत की सगळ्यात जास्त फोन येतात ते "दादा, वायफाय चालत नाही" याचे. लगेच बॅग उचलून निघू नका. आधी फोनवरच विचारा: वायफायचं चिन्हच गायब आहे, आपलं नेटवर्क यादीत दिसत नाही, दिसतं पण जोडत नाही, की जोडलंय आणि तरी साइट उघडत नाहीत? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

पहिली तीन सहसा लवकर उरकतात. चिन्ह नसेल तर एअरप्लेन मोड, कीबोर्डवरची वायफायची कळ आणि मग डिव्हाइस मॅनेजर बघा. ड्रायव्हर लागलाच तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून घ्या. ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअरं ग्राहकाच्या मशीनवर टाकू नका, या बाबतीत मी हट्टी आहे. मोबाइलला नेटवर्क दिसतं आणि जुन्या लॅपटॉपला दिसत नाही, तेव्हा ते बहुधा ५ गिगाहर्ट्झचं असतं आणि लॅपटॉपचं कार्ड फक्त २.४ चं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींमागे तर ५ चा सिग्नल नव्या लॅपटॉपलाही धड मिळत नाही, तिथे २.४ वरच जोडून द्या. पासवर्ड बरोबर असूनही जोडत नसेल तर नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडा. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए ३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) ठेवलं असेल तर जुनी कार्डं जोडलीच जात नाहीत, तेही तपासा.

खरा घोळ चौथ्या प्रकारात आहे. मला सगळ्यात जास्त यानेच छळलंय, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

सिग्नल पूर्ण, पासवर्ड मान्य, त्याच राउटरवर घरातले सगळे मोबाइल व्यवस्थित. लॅपटॉपवर मात्र 'नो इंटरनेट'. अशा वेळी नवा माणूस ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो, राउटर बंद-चालू करतो, नेट कंपनीला फोन लावतो. यातलं काहीच करण्याआधी कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवा. वायफाय अडॅप्टरखाली 'डीएचसीपी एनेबल्ड' अशी ओळ असते. डीएचसीपी म्हणजे राउटरने लॅपटॉपला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आपोआप देणं. तिच्यासमोर 'नो' दिसलं की समजा, कुणीतरी आयपी हाताने भरून ठेवलाय.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या लॅपटॉपवर हे फार सापडतं. मशीनच्या पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरशी) बोलायला लॅपटॉपला ठरावीक आयपी द्यावा लागतो. पॅनलमध्ये वायरलेस राउटर बसवलेला असेल तर तो आयपी वायफायच्या अडॅप्टरमध्येच भरला जातो आणि तसाच राहतो. समजा तिथे १९२.१६८.०.५० भरलाय आणि घरचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. राउटरशी वायफाय जोडलं जाणं आणि त्याच्याकडून आयपी मिळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पासवर्ड पहिल्या पायरीवर तपासला जातो, म्हणून जोडलेलं दिसतं. दुसऱ्या पायरीवर हा लॅपटॉप आयपी मागतच नाही, कारण त्याच्या मते तो त्याच्याकडे आहे. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, काय फरक पडणार?

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट उलटी आहे: लॅपटॉपने मागितला, पण राउटरकडून उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक घेतला. तिथे मात्र राउटर बंद-चालू करणं बरोबर.

याच घोळाची दोन भावंडं आहेत. आयपी आपोआप येतो, पण डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर) प्लांटचा राहिलेला असतो, मग गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग (पोहोच तपासणारी कमांड) जातं आणि नावाने एकही साइट उघडत नाही. किंवा पिंग नावानेही जातं आणि फक्त ब्राउझर अडतो. तेव्हा सेटिंग्जमध्ये ऑफिसचा प्रॉक्सी (ब्राउझर ज्याच्यामार्फत नेटवर जातो तो मधला सर्व्हर) चालू राहिलाय का ते बघा.

मी शिकत होतो तेव्हा एक सिनियर प्रत्येक दुखण्यावर "फॉरमॅट मार" म्हणायचे. फॉरमॅटने नेट चालू होतं, हे खरं. पण बिघाड कशात होता हे तुम्हाला कळत नाही आणि ग्राहकाचा दिवस जातो. 'नेटवर्क रिसेट'चंही तसंच: साठवलेली वायफायची नावं-पासवर्ड उडतात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागतं आणि हाताने भरलेला आयपीही पुसला जातो. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा लॅपटॉप प्लांटवर मशीनला जोडला जात नाही. तुम्हाला निवडायला मिळालं तर "शेवटचं काय बदललं होतं?" असं आधी विचारणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करा, पगार थोडा कमी असला तरी.

घाबरू मात्र नका. कमांड पाठ नसल्या तरी चालतं, कागदावर लिहून नेल्या तरी कुणी हसत नाही. आयपी, डीएनएस आणि प्रॉक्सी या तीन गोष्टी तपासायला पाच मिनिटं लागतात आणि थोड्याच दिवसांत हात आपोआप तिकडे वळतो.

दुरुस्त करताना भरलेल्या आकड्यांचा आधी मोबाइलवर फोटो काढा. मग रनमध्ये 'एनसीपीए डॉट सीपीएल' टाकून वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा, आयपीव्ही ४ मध्ये आयपी आणि डीएनएस दोन्ही 'ऑटोमॅटिकली'वर ठेवा. तसं केलं की शेजारी 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन'चा टॅब दिसतो. प्लांटच्या नेटवर्कवर डीएचसीपी नसेल तर जुने आकडे तिथे भरून द्या. घरी आयपी राउटरकडून येईल, प्लांटवर उत्तर आलं नाही की थोड्या वेळाने विंडोज ते आकडे वापरेल. ग्राहकाला हे समोर बसवून दाखवा, म्हणजे तो पुन्हा मुख्य पानावर आयपी भरणार नाही.