पावसाळ्यात गिझर लावला की ईएलसीबी पडतोय? आधी ओल कुठे आहे ते शोधा

एप्रिल-मेमध्ये मुंबईत गिझर लावतंय कोण, नळालाच गरम पाणी येतं. मग पाऊस सुरू होतो, जरा गारवा येतो, दोन महिने बंद असलेला गिझर आपण ऑन करतो आणि खटकन अख्ख्या घराची लाइट जाते.

आधी बोर्डात काय पडलंय ते बघा. गिझरचा एमसीबी पडला असेल तर शॉर्ट किंवा जादा लोड. टेस्ट बटणवाला पडला असेल, म्हणजे ज्याला आपण सगळे ईएलसीबी म्हणतो (नव्या घरांत तो आरसीसीबी असतो), तर करंट कुठेतरी अर्थला गळतोय. घरातला बहुतेक 30 मिलिअँपचा असतो, तेवढी गळती झाली की तो पडणारच, त्यात त्याची काही चूक नाही. काही वायरमन लगेच म्हणतात, गिझरची अर्थ वायर काढून टाकू, पडायचा बंद होईल. होईल ना बंद, पण मग तोच करंट टाकीच्या पत्र्यात आणि पाण्यात थांबेल आणि खाली अंघोळीला तुम्ही उभे असाल. असल्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

आता शोधायचं कसं. मेन बंद करा, हात-पाय कोरडे, पायात रबरी चप्पल, आणि गिझरचा थ्री पिन टॉप काढा. नुसता स्विच बंद करून चालत नाही, कारण स्विच फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतो, न्यूट्रल (परत नेणारी वायर) जोडलेलाच राहतो आणि कॉइलमधून न्यूट्रल-अर्थ गळती असेल तर गिझर बंद असतानाही, फ्रिज किंवा एसी चालू झाला की ईएलसीबी पडू शकतो. लोक मग उगाच फ्रिज दुरुस्तीला देतात.

टॉप काढून मेन चालू करा, गिझरच्या पॉइंटचा स्विच ऑन करा. तरी पडला तर दोष गिझरचा नाही, भिंतीचा किंवा सॉकेटचा. बाथरूमची भिंत बाहेरच्या बाजूची असेल, किंवा वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून स्लॅब पाझरत असेल, तर पाणी वायरिंगच्या पाइपमधून थेट स्विचबॉक्समध्ये उतरतं. टॉपच्या पिनाही बघा, काळ्या पडल्यात का, वितळल्यात का. 2 किलोवॅटचा गिझर साधारण 9 अँप घेतो, त्याला 16 अँपचंच सॉकेट पाहिजे.

टॉप काढल्यावर काहीच पडत नसेल तर गिझरच. टॉप बाहेरच ठेवून कव्हर उघडा, टर्मिनलवर पाण्याचे थेंब, गंज, हिरवट थर दिसतोय का बघा, दिसला तर बऱ्याचदा कॉइलचा वॉशर गळत असतो. कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टीमीटर लावा. 2 किलोवॅटच्या कॉइलला 26 ओहमच्या आसपास, 3 किलोवॅटला 18 च्या आसपास यायला पाहिजे. मग एकेक टर्मिनल ते टाकीची बॉडी, सगळ्यात वरच्या रेंजवर, तिथे काहीच रीडिंग यायला नको. पण मल्टीमीटरचा व्होल्टेज अगदी कमी, बारीक गळती त्याला सापडेलच असं नाही, म्हणून मेगरवाला (जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासायचं मीटर) वायरमन बोलवा, 500 व्होल्टला निदान 1 मेगाओहम तरी दाखवायला हवं.

कॉइलच्या आत पांढरी पावडर भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची, ती ओल शोषते. टोकाचं सील सैल झालं आणि गिझर महिनोन्‌महिने बंद राहिला की पावसाळी हवेतली ओल आत शिरते. नुसती टोकं ओली असतील तर हेअर ड्रायरने वाळवा, कव्हर काढून एक दिवस ठेवा, परत मोजा. तरी गळती असेल, किंवा पाणी तापायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडत असेल, तर बहुतेक कॉइलला चीर आहे, ती बदला, सोबत वॉशरही. वाळवायच्या नादात रिकाम्या टाकीवर गिझर कधीच चालू करू नका, कॉइल जळते. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर आतल्या क्षाराने कॉइल तशीही लवकर जाते, तेव्हा उघडलीच आहे तर अ‍ॅनोड रॉडही (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) बघून घ्या.

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी भरलेलं असताना पंधरा मिनिटं गिझर चालवत जा, ओल साठत नाही.

आणि दोष भिंतीचा निघाला तर नुसतं सॉकेट बदलून काही होणार नाही. वरच्यांशी बोला, ऐकलं नाही तर सेक्रेटरीला लेखी द्या, आणि पाझर थांबेपर्यंत वायरमनकडून त्या पॉइंटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही बोर्डातून काढून घ्या. तोवर अंघोळीचं पाणी गॅसवर.