मानवशास्त्र घेणाऱ्यांनो, फील्ड डायरी जपून लिहा

पदवीला मानवशास्त्र हा मुख्य विषय घेतल्यावर हाडे ओळखणे, मानवमितीची, म्हणजे माणसाच्या शरीराची, मापे घेणे, दगडी हत्यारांची रेखाटने काढणे आणि नातेसंबंधांचे तक्ते मांडणे हे सारे एकदम अंगावर येते, पण त्याने घाबरून जाऊ नका. हाडे रोज हाताळली की ओळखीची होतात. नातेसंबंधांचे प्रकरण तर मराठी घरातल्या विद्यार्थ्याला निम्मे घरीच शिकवलेले असते. मामाची मुलगी चालते आणि चुलत्याची का चालत नाही, हे आजीला विचारा आणि तिच्या माहेरचा तक्ता काढून पाहा.

मला अडवले ते क्षेत्रकार्याने. त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ही चूक होत असताना ती चूक वाटतच नाही.

शेवटच्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी मी डिसेंबरमध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवर दहा दिवस जात होते. बरीच घरे बंद होती. म्हातारी माणसे आणि थोडी मुले तेवढी दिसत. पहिल्या रात्री मी डायरीत लिहिले, ‘वाडी ओस पडत चालली आहे, तरुण गाव सोडून जातात.’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. बंद दारे मी स्वतः पाहिली होती. तरुण सोडून जातात हे शेजारच्या गावातल्या, स्वतः कातकरी नसलेल्या दुकानदाराने सांगितले होते. आणि ‘ओस पडत चालली आहे’ हा माझा तर्क होता. दोन महिन्यांनी लिहायला बसले तेव्हा यातले काय कुठून आले हे मलाच आठवेना, तरीही त्या वाक्यावर मी अख्खे प्रकरण उभे केले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, ‘हे तुम्ही पाहिले, की कोणी सांगितले?’ मला उत्तर देता आले नाही. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे मी वाचलेले होते. तरीही हंगामापुरत्या बाहेर गेलेल्या माणसांना मी माझ्या लिखाणातून कायमचे घालवून दिले, याचे मला अजून वाईट वाटते.

म्हणून पानावर पहिल्या दिवसापासून तीन रकाने आखा : पाहिले, ऐकले, वाटले. ‘ऐकले’ या रकान्यात प्रत्येक वाक्यापुढे सांगणाऱ्याची खूण, वय आणि वाडीशी असलेले नाते लिहा. खरे नाव नको. ‘वाटले’ या रकान्यातले प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी वाडीवरच्याच कोणाला तरी विचारून पाहा. रकाने मात्र त्याच रात्री भरा, कितीही थकलेले असलात तरी. मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे म्हणून डायरी उद्यावर ढकलणे हा माझ्या मते सर्वांत घातक शॉर्टकट आहे, कारण ध्वनिमुद्रणात बंद दारांची कुलपे येत नाहीत.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा एवढेच पाहा की ते तुमची डायरी उघडून वाचतात का. माझी कोणीच वाचली नव्हती.

लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे म्हणून तुम्ही हा विषय घेत असाल, तर स्पष्ट सांगते, क्लासच्या नोट्सवर ही तीन वर्षे काढू नका. त्या नोट्स पदवीनंतरही मिळतील, वाडीवरचे दिवस मिळणार नाहीत. केवळ पदवीवर संशोधनाची नोकरी मिळणेही कठीण आहे, पुढचे शिक्षण गृहीत धरा. मात्र मापे आणि माणसे दोन्ही सांभाळता येतात. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी मानवमितीही केली आणि १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथही लिहिला.

विषय नक्की करण्याआधी त्या वाडीवरचे कोण कोणत्या महिन्यात कुठे असते, हे विचारून घ्या. सुट्टी डिसेंबरात मिळते म्हणून डिसेंबरात जाऊ नका, आणि जावेच लागले तर वीटभट्टीवरही जा.