मोजणीआधी धुरेकऱ्यांना नोटीस: या चुका टाळा

भूमापकांनी रोव्हर (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) उभा केला आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, लिंबाखाली बसलेला माणूस उठून म्हणाला, "मला नोटीस न्हाई आली." आमच्याच शेतातली गोष्ट. तो खरं बोलत होता. मोजणीच्या अर्जात आम्ही त्याच्या थोरल्या भावाचं नाव लिहिलं होतं, कारण शेत तो कसतो. सातबारावर मात्र तिघा भावांची नावं होती. हरकत लिहून घेतली, पंचनामा झाला, चुन्याची पिशवी न उघडताच गाडीत परत गेली. पुढची तारीख लागेपर्यंत सोयाबीन गुडघ्याला आलं होतं.

म्हणून कुणी मोजणी लावतो म्हटलं की मी आधी विचारतो, धुरेकऱ्यांची, म्हणजे बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यांची, यादी कशावरून केली? बहुतेक जण आठवणीवरून करतात. तसं करू नका. गटाचा नकाशा ऑनलाइन बघता येतो. त्यावरून चारी बाजूंचे गट नंबर लिहून काढा. नुसता कोपरा टेकलेला गटही घ्या, तोच हमखास सुटतो. मग प्रत्येक गटाचा ताजा सातबारा काढा आणि त्यावरची सगळी नावं घ्या. जुन्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर एकच समजू नका.

सातबारावर वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर त्या नावाने नोटीस काढून उपयोग नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीची चौकशी करा आणि हयात वारसांची नावं-पत्ते अर्जात द्या.

पत्त्याची चूक आपल्याकडे फार महागात पडते. बीड, धारूर, केज, पाटोदा भागात दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. साधारण पंधरा दिवस आधी निघालेली नोटीस कुलूप लावलेल्या दारावरून परत येते. शेजारी तोडीला जाणारा असेल तर गुढीपाडव्यानंतरची तारीख मागा. तोवर तूर-हरभराही निघालेला असतो, रान मोकळं असतं. तारीख पुढे जात नसेल तर त्याचा चालू मोबाइल नंबर अर्जात द्या आणि त्याला स्वतः फोन करा.

शेजारी सरकार असेल तर? जायकवाडीचा कालवा, पाझर तलाव, गायरान, रस्ता यांच्याही हद्दी असतात. तिथे संबंधित कार्यालयाचं नाव लिहा, रकाना कोरा सोडू नका.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. सरकारी कागद अचानक दारात आला की शेजाऱ्याला वाटतं, आपली जमीन काढायला निघालेत. निम्म्या हरकती तिथेच जन्मतात. अर्ज भरण्याआधी संध्याकाळी त्याच्या घरी जा. "दादा, माझ्या गटाची मोजणी लावतोय, नोटीस येईल, त्या दिवशी तुम्ही धुऱ्यावर उभं राहा," एवढं सांगा. पण तोंडी सांगितलं म्हणून नोटीस टाळू नका; दोन्ही लागतं.

त्याने नोटीस घ्यायला नकार दिला तर वाद न घालता भूमी अभिलेख कार्यालयाला लेखी कळवा. नोटीस मिळूनही तो आला नाही, तर तेवढ्यावरून मोजणी थांबत नाही. हद्द मान्य नसेल तर निमताना मोजणी (पहिल्या मोजणीवर हरकत घेऊन मागितलेली फेरमोजणी) मागायचा रस्ता त्यालाही आहे, तुम्हालाही. तोवर धुरा नांगरू नका आणि रोवलेल्या खुणा हलवू नका. त्याच दिवशी त्यांचे फोटो काढून ठेवा.