कोकणात समुद्रावर लहान मुलांना सांभाळायचं कसं?

सुट्टी लागली की कोल्हापूरकर आंबा घाट नाहीतर गगनबावडा उतरून गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली गाठतो. पोरं विहिरीत, पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेली असतात, म्हणून आई-बाबा निर्धास्त. पण विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही, समुद्राचं नेतं.

निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. त्या रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकतात, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पावसाळ्यात तर मुलांना पाण्यात उतरवूच नका. कपडे भगवे, पोपटी असे भडक घाला; निळा-पांढरा रंग लाटांत दिसत नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच पाण्याकडे धावू नका. आधी जीवरक्षकाला किंवा तिथल्या मच्छीमाराला विचारा, कुठं उतरायचं नाही ते. मग दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला एक गडद पट्टा शांत आहे, असं दिसलं तर तिथून लांब राहा. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेनं जोरात आत परत जातं. मुलांना खेळवायला आपण नेमकी तीच शांत जागा निवडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन-तीन गाड्या भरून माणसं गेली की प्रत्येकाला वाटतं, पोरांकडं दुसरं कुणीतरी बघतंय. तसं होऊ देऊ नका. पाण्यात असलेल्या प्रत्येक लहान मुलामागं एक मोठं माणूस ठरवा. बारा वर्षांचा दादा त्यात मोजायचा नाही, प्यायलेला माणूस तर नाहीच. अंतर हात पुरेल एवढंच, मोबाईल दुसऱ्याकडे, पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर नको. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलताना तोंडानं सांगा, "आता पोरगी तुझ्याकडं," आणि समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय हलू नका. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, हाक कुठून मारणार?

हवेच्या ट्यूबवर भिस्त ठेवू नका. जमिनीकडून वारा सुटला की ती मुलासकट आत जाते. मापाचं लाइफ जॅकेट घाला, पट्टे आवळून.

मूल ओढलं गेलंच तर घाबरून रिकाम्या हातानं उडी घेऊ नका. जीवरक्षकाला हाक मारा, ११२ ला फोन करायला एकाला सांगा, दोरी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. स्वतः ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ संपली की बाहेर या.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटं धरणं, पोट दाबणं हे करू नका. लगेच तोंडानं श्वास द्या, छाती दाबायला सुरुवात करा, १०८ ला कळवा. मूल शुद्धीवर आलं, बोलायला लागलं, तरी त्याला तिथल्याच जवळच्या दवाखान्यात दाखवा. खोकला, धाप किंवा सुस्ती नंतर काही तासांनीही वाढू शकते.