ट्रकच्या एक्स्ट्रा लाइटला जास्त उजेडाचे बल्ब टाकायचेत? आधी व्होल्टेज मोजा

बंपरवर किंवा केबिनच्या वर लावलेल्या ऑक्झिलरी लाइटचा उजेड कमी वाटायला लागला की सगळ्यात आधी डोक्यात येतं की मोठ्या वॅटचा बल्ब टाकू. पण बऱ्याच ट्रकमध्ये आहे तोच बल्ब पूर्ण पेटत नसतो, कारण त्याच्यापर्यंत करंटच नीट पोचत नाही, आणि तिथे १०० वॅटचा बल्ब टाकला की वायर अजून तापते, व्होल्टेज अजून पडतं आणि पैसे घालून उजेड मात्र जेमतेमच वाढतो. म्हणून बल्ब घ्यायच्या आधी मल्टीमीटर हातात घ्या, हे काम पाच मिनिटांचं आहे.

इंजिन चालू करा, लाइट चालू ठेवा, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा आणि मग तेच लाइटच्या कनेक्टरवर मोजा, पण बल्ब जोडलेला आणि पेटलेला असताना, कारण बल्ब काढून मोजलं तर खराब वायरवरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि माणूस फसतो. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण २८ व्होल्ट मिळतात. बल्बवर २५च येत असतील तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड रस्त्यातच गेला, कारण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा खूप जोरात पडतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड साधारण ३० टक्के कमी. १२ व्होल्टच्या गाडीतही हेच, तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर फरक दिसला तर मी बल्बला हातच लावत नाही, आधी वायरिंग.

फरक कुठे पडतोय तेही मीटरनेच कळतं. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लसवर, लाइट चालू, जो आकडा येईल तो प्लसच्या वायरमधला लॉस. मग बॅटरीचा मायनस आणि लाइटची बॉडी. बहुतेक वेळा गडबड अर्थमध्येच, म्हणजे बॉडीला बोल्टने जोडलेल्या मायनसच्या वायरमध्येच, सापडते, बोल्टखाली रंग असतो किंवा गंज चढलेला असतो. बोल्ट सोडा, पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नवीन मारा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. एवढं केल्यावर जुन्याच बल्बचा उजेड पांढरा झालेला दिसतो.

आता वायर. लाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येत असेल तर ते पहिलं बंद करा आणि रिले टाका, म्हणजे थोड्या करंटच्या सिग्नलने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीतून फ्यूज लावून थेट जाडी वायर, ८७ वरून लाइटला, ८५ अर्थला आणि ८६ ला अप्परच्या (हाय बीमच्या) वायरवरून स्विचमार्गे सिग्नल. अप्परवरून घ्यायचं कारण एकच, समोरून गाडी आली आणि तुम्ही डिपर मारला, म्हणजे लो बीमवर आलात, की एक्स्ट्रा लाइट आपोआप बंद झाले पाहिजेत, वेगळा स्विच शोधत बसायला लागता कामा नये. २४ व्होल्टच्या ट्रकला रिलेसुद्धा २४ व्होल्टचाच लागतो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका जवळ बसवा, कारण फ्यूज आणि बॅटरीच्या मधला तुकडा घासून शॉर्ट झाला तर त्याला वाचवणारं कोणीच नाही. नवीन ट्रकमध्ये हेडलाइट कंट्रोल मॉड्यूलवर चालतात, तिथे कुठलीही वायर सोलून टॅप करू नका, ऑक्झिलरी लाइटसाठी कंपनीने दिलेला पॉइंट मॅन्युअलमध्ये बघा आणि तोच वापरा.

वायर किती जाड हे करंटवर ठरतं. वॅटला व्होल्टने भागा, झालं. १२ व्होल्टवर ५५ वॅटचे दोन बल्ब साधारण ९ अँपिअर घेतात, त्याला २.५ स्क्वेअर एमएमची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज. २४ व्होल्टवर ७० वॅटचे दोन बल्ब फक्त ६ अँपिअर घेतात, तिथे १० चा फ्यूज पुरतो. पण १२ व्होल्टवर १०० वॅटची जोडी टाकली की करंट जातो १७ अँपिअरच्या आसपास, मग वायर ४ स्क्वेअर एमएमची, फ्यूज २५ चा आणि रिलेही तेवढा सोसणारा पाहिजे. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकायचा हे कृपा करून करू नका, आग अशीच लागते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, १२ व्होल्टचे लाइट स्वस्तात मिळाले म्हणून २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोनपैकी एकाच बॅटरीवरून जोडू नका. ती एक बॅटरी रोज कमी चार्ज राहते, दुसरी ओव्हरचार्ज होते आणि थोड्याच दिवसांत दोन्ही बॅटऱ्या जातात.

आता बल्ब. लाइटच्या मागे किंवा जुन्या बल्बच्या चकतीवर टाइप लिहिलेला असतो, एक्स्ट्रा लाइटमध्ये एच१ आणि एच३ खूप दिसतात. दिसायला जवळचे वाटले तरी एच१ ची फिलामेंट उभी लांबीत असते आणि एच३ ची आडवी, रिफ्लेक्टर त्या हिशोबानेच बनवलेला असतो, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. स्टँडर्ड एच३ १२ व्होल्टला ५५ वॅट आणि २४ व्होल्टला ७० वॅट, उजेड अनुक्रमे १४५० आणि १७५० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपास. याच्या वरचे १०० वॅटचे बल्ब बऱ्याच देशांत रस्त्यावर चालत नाहीत, फक्त ऑफरोडसाठी असतात, तुमच्याकडचा नियम आधी बघा. शिवाय प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये १०० वॅटच्या उष्णतेने होल्डर मऊ होतो आणि रिफ्लेक्टरचा चकाकता थर सोलवटतो, तो एकदा गेला की कुठलाही बल्ब उपयोगाचा नाही.

त्यापेक्षा त्याच वॅटचा हाय परफॉर्मन्स बल्ब बघा. यात फिलामेंट आखूड आणि दाट असते त्यामुळे उजेड लांब जातो, पण आयुष्य कमी. खडबडीत रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकला मात्र मी हेवी ड्युटी बल्बच सांगेन, २४ व्होल्टची फिलामेंट तशीच बारीक असते आणि धक्क्याने तुटते, हेवी ड्युटीमध्ये तिला जास्त आधार दिलेला असतो. निळ्या काचेचे बल्ब टाळा. त्यांचा प्रकाश पांढरा दिसतो पण तो निळा थर उजेडच गाळतो, आणि पावसात तर अजूनच वाईट. केल्विन म्हणजे रंग, उजेड नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तर पाकिटावरच्या जाहिरातीला फसणार नाही.

एलईडी टाकू का हा प्रश्न येणारच. हॅलोजनसाठी बनवलेल्या लाइटमध्ये एलईडीचा बल्ब टाकला तर उजेड निघतो ती जागा आणि तिचा आकार बदलतो, मग जवळचा रस्ता झगझगीत दिसतो आणि लांबचं अंधारात, वर समोरच्याच्या डोळ्यात जातो तो वेगळाच. एलईडीच पाहिजे असेल तर पूर्ण एलईडी लाइट घ्या.

बसवताना बॅटरी कट करा, लाइट पूर्ण गार होऊ द्या. मागची रबर कॅप काढा, वायर सोडवा. तारेची क्लिप असते तिचं टोक आधी आत दाबायचं, मग बाजूला सरकवायचं, सरळ ओढलं तर ती वाकते आणि परत कधी घट्ट बसत नाही. जुना बल्ब उजेडात धरून बघा. काच आतून काळपट झालेली असेल तर त्याचं आयुष्य संपत आलेलं, आणि कनेक्टर तपकिरी होऊन ठिसूळ झाला असेल तर तो जॉइंट ढिला होता, तिथे नवीन बल्ब लावायच्या आधी कनेक्टर बदला. नवीन बल्ब चकतीला धरून उचला, काचेला बोट लागू देऊ नका, हाताचं तेल तापलेल्या काचेवर डाग पाडतं आणि तिथूनच काच कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसून कोरडं करा. चकतीच्या खाचा होल्डरमध्ये नीट बसल्या तरच बल्ब सपाट टेकतो, तिरका राहिला तर फोकस गेला. रिफ्लेक्टर आतून फडक्याने पुसायचा नाही, धूळ असेल तर नुसती हवा मारा. कॅप पूर्ण बसवा, नाहीतर पाणी जाणार.

शेवटी फोकस. सपाट जागा, समोर भिंत, टायरमध्ये हवा बरोबर. ट्रक रोज भरून चालत असेल तर भरलेल्या ट्रकवरच सेटिंग करा, कारण मागचा भाग दबला की लाइट वर उचलले जातात. भिंतीवरचा झळझळीत ठिपका लाइटच्या उंचीला किंवा किंचित खाली आणि अगदी सरळ समोर आला पाहिजे. एका लाइटवर फडकं टाकून दुसरा सेट करा, पण फडकं जास्त वेळ ठेवू नका, काच तापते. मग अर्धा तास लाइट चालू ठेवून गाडी चालवा, थांबून लाइट बंद करा आणि रिले, फ्यूज होल्डर आणि प्रत्येक जॉइंटला हात लावून बघा. कोमट चालेल, बोट ठेवता येत नसेल तर तो जॉइंट परत करा.