रिकामा फ्लॅट, भाड्याचा फ्लॅट: ठाणे-नवी मुंबईत आपलं घर कसं जपावं

घर घेताना आपण वकील लावतो, बँक कागद तपासते, ओळखीच्या चार जणांना विचारून घेतो. कर्ज फिटलं की मात्र फाईल कपाटात जाते आणि वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नाही. मुलगा परदेशी, आई-वडील लेकीकडे पुण्याला, आणि घोडबंदर रोडचा किंवा खारघरचा फ्लॅट कुलूपबंद नाहीतर भाड्याने दिलेला. फसवणारा शोधत असतो तो असाच फ्लॅट.

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला जातो, पण मालकी खरी की खोटी याचा निवाडा तिथे होत नाही. समोर उभा राहिलेला माणूस बनावट ओळखपत्र घेऊन तुमच्या नावाने आला आणि पकडला गेला नाही, तर तुमच्या घराचा दस्त तुमच्या नकळत नोंदला जाऊ शकतो. म्हणून घर घेतल्यानंतरही पहारा आपणच द्यायचा असतो.

१. फाईल एकदा बाहेर काढा

मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ताबापत्र, आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेचा ना हरकत दाखला. यातला एखादा मूळ कागद सापडत नसेल तर आजच पोलिसांत हरवल्याची नोंद करा, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या आणि सोसायटीला लेखी कळवा. हरवलेला मूळ करारनामा भलत्या हाती लागला तर त्याच्यावर कर्जही उचललं जाऊ शकतं.

नवी मुंबईकरांनी आणखी एक कागद पाहावा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याची असते. त्यामुळे पुनर्विक्रीत घेतलेल्या घराचा दस्त नोंदला तरी सिडकोच्या दप्तरी नाव चढवणं हे वेगळं काम उरतं. पैसे वाचवायला अनेकजण ते टाळतात. तसं झालं असेल तर सिडकोच्या लेखी आधीचाच माणूस मालक राहतो आणि पुढच्या लबाडीला फट मिळते. हे काम लांबवू नका.

२. वर्षातून एकदा स्वतःच्याच घराचा शोध घ्या

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की त्या वर्षी नोंदलेल्या दस्तांची यादी येते. अडखळायला होतं ते गावाच्या नावाशी. आपण पत्ता सांगतो ‘घोडबंदर रोड’, दप्तरात मात्र कावेसर, ओवळे, चितळसर मानपाडा अशी गावं असतात. करारनाम्याच्या शेवटच्या परिशिष्टात गाव आणि सर्व्हे क्रमांक लिहिलेला असतो, तोच भरा. नवी मुंबईत जिल्ह्याचाही घोळ होतो. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, उलवे, पनवेल रायगडात. खारघरचं घर ठाणे जिल्ह्यात शोधलं तर काहीच सापडणार नाही आणि उगाच निर्धास्त व्हाल.

यादीत आपल्या फ्लॅटचा क्रमांक दिसला की सूची दोन उघडा. तीन रकाने नीट वाचा: विलेखाचा (दस्ताचा) प्रकार, लिहून देणाऱ्याचं नाव, लिहून घेणाऱ्याचं नाव. विक्री करार, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) किंवा गहाणाची नोटीस यांपैकी काहीही तुम्ही केलेलं नसताना दिसलं, तर थेट या लेखाच्या शेवटच्या भागाकडे वळा.

याच बैठकीत मालमत्ता कराचं बिल आणि महावितरणचं बिल कुणाच्या नावावर आहे तेही बघा. या बिलांनी मालकी ठरत नाही, पण खोटा मालक उभा करणारे आधी असल्या कागदांवर नाव बदलून घेतात.

३. भाड्याने देताना: हेवी डिपॉझिटचा सापळा

इथे थोडं थांबून वाचा, कारण या फसवणुकीत मालक आणि भाडेकरू दोघंही भरडले जातात.

एजंट मालकाकडे येतो. “काका, तुम्ही कशाला धावपळ करता? भाडेकरू मी बघतो, भाडं महिन्याच्या महिन्याला खात्यावर येईल.” मालक चावी देतो, कागदावर सह्याही करून देतो. तोच एजंट एखाद्या गरजू कुटुंबाला सांगतो, “सहा लाख डिपॉझिट भरा, भाडं शून्य, सोडताना सगळे पैसे परत.” त्या कुटुंबाच्या हाती मालकाची खोटी सही असलेला करार पडतो. सहा लाखांतूनच एजंट मालकाला काही महिने भाडं पाठवत राहतो, म्हणून कुणालाच शंका येत नाही. मग भाडं थांबतं आणि एजंटचा फोन बंद होतो. मालक दारात जातो तेव्हा आतलं कुटुंब म्हणतं, आमचे सहा लाख द्या, मग जातो. त्यांची आयुष्यभराची पुंजी गेलेली असते, त्यांचंही चुकत नाही.

हे टाळायचं तर चार गोष्टी स्वतः करा. भाडेकरूला समोरासमोर भेटा आणि डिपॉझिट किती ठरलं ते त्याच्याच तोंडून ऐका. डिपॉझिट आणि भाडं त्याच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात येऊ द्या, मध्ये कुणाचंही खातं नको. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. ऑनलाइन नोंदणीत अंगठ्याचा ठसा दोन्ही बाजूंचा लागतो, त्या वेळी स्क्रीनवरचा डिपॉझिटचा आकडा वाचून मगच अंगठा द्या. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.

ऑनलाइन जाहिरात दिली असेल तर ‘मी लष्करात आहे, घर न बघताच घेतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा. डिपॉझिट पाठवतो सांगून तो क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करायची किंवा पिन टाकायची कधीही गरज नसते. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

४. कुलमुखत्यारपत्र बेताने द्या

परदेशातली मुलं भावाला किंवा ओळखीच्याला सरसकट अधिकार देऊन टाकतात. त्याऐवजी कामापुरतंच पत्र करा: भाडेकरार करणं, सोसायटीचा व्यवहार पाहणं. विक्रीचा अधिकार खरंच विकायचं ठरेल तेव्हाच, वेगळ्या पत्राने द्या. मुदत लिहा. पत्र रद्द करायचं असेल तर रद्दपत्रही नोंदवा आणि सोसायटीला, एजंटला लेखी कळवा. आणि उलट बाजूने, कुणी नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ देत असेल तर घेऊ नका. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करून ठेवता येतात. घरातल्या ज्येष्ठांचे तर आजच लॉक करा, काम असेल तेव्हा उघडता येतात. ओळखपत्राच्या झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त अमुक कामासाठी’ असं आडवं लिहून मगच ती द्या.

५. सोसायटीला जोडीला घ्या

सचिवाला एक पत्र द्या: आमच्या फ्लॅटसंबंधी हस्तांतरण, ना हरकत किंवा दुसरं शेअर सर्टिफिकेट मागणारा अर्ज आला तर या दोन नंबरांवर आम्हाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोच घ्या. बंद घराशेजारचे लोक आणि वॉचमन यांच्याकडेही नंबर असू द्या.

इमारतीच्या जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नसेल तर तोही विषय सर्वसाधारण सभेत काढा. बिल्डर सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या हस्तांतरणाचा) अर्ज करता येतो. तोवर सात-बारावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव जुन्या मालकाचंच राहतं.

दुसरं घर घेणार असाल तर

महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाचा नोंदणी क्रमांक पाहाच, पण त्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींसाठी महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. त्यात राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि तो क्रमांक त्यांच्या दप्तरात आहे का ते विचारा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

खोटा दस्त सापडलाच तर

त्याची प्रमाणित प्रत लगेच काढा. तिच्यात फोटो, अंगठे, साक्षीदार आणि जोडलेली ओळखपत्रं असतात, पोलिसांना पहिला धागा तिथेच मिळतो. त्याच दिवशी दुय्यम निबंधक, सहजिल्हा निबंधक, सोसायटी आणि (सिडकोची जमीन असेल तर) सिडकोला लेखी तक्रार द्या, प्रत्येकाची पोच घ्या. त्यावर कर्ज उचललेलं दिसलं तर त्या बँकेलाही कळवा. पोलीस ठाण्यात तोतयेगिरी, बनावट दस्त आणि फसवणुकीची तक्रार करा. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही आयुक्तालयांत आर्थिक गुन्हे शाखा आहे, रक्कम मोठी असेल तर प्रकरण तिकडे जातं. नोंदणी कायद्याच्या कलम 82 प्रमाणे तोतया उभा करणं हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

गुन्हा दाखल झाला म्हणजे दस्त रद्द झाला असं नाही. तो रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि त्याची मुदत खोटेपणा कळल्यापासून तीन वर्षं आहे. पोलीस तपास संपण्याची वाट पाहत बसू नका. त्याच आठवड्यात वकिलाला भेटा आणि दाव्यासोबत पुढची विक्री थांबवणारा मनाई हुकूमही मागा.